पॉइंट आठची वजाबाकी

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. काय खाल्लं, पाणी किती, ताप किती, अंगावर नवा डाग दिसतो का, सगळं तारखेनिशी लिहायचं. "तुम्ही वजनमापांच्या कचेरीत आहात ना, मग तुम्हाला वेगळं सांगायला नको," असंही म्हणाल्या. खरंच नको. तेवीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतो आहे. नोंद नसेल तर तपासणी झालीच नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतो.

तर नोंद. हिला रक्ताचा कर्करोग झाला आहे. तीव्र प्रकारचा. काल दुपारी साडेतीनला कळलं.

(एवढं लिहून उठलो. स्वयंपाकघरातला नळ गळतोय असं वाटलं म्हणून बघून आलो. गळत नव्हता.)

ही लोकांना गाडी चालवायला शिकवते. दंडावर, मांडीवर निळे डाग यायला लागले तेव्हा म्हणाली, शिकाऊ लोक ब्रेक असा मारतात की सीटबेल्ट काचतो. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग एकदा शिकवता शिकवता शेजारच्या सीटवर तिचा डोळा लागला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तेव्हा कुठे रक्त तपासलं.

काल डॉक्टरीणबाईंना हिनं विचारलं, "उपचार लागू पडले नाहीत तर किती दिवस?" मी मध्येच तोडलं. असं अभद्र विचारायचंच नाही. डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. घरी आल्यावर मी हिला स्पष्ट सांगितलं की आजपासून या घरात वाईट शब्द निघणार नाही. आपल्या जिभेवर काय ठेवायचं ते आपल्या हातात आहे, बाकी देव बघेल. माझा विश्वास आहे आणि तो पक्का आहे. वायपर लावून वळायला निघालेल्या शिकाऊ माणसाकडे बघते तसं हिनं माझ्याकडे बघितलं.

"बरं," म्हणाली.

६ मार्च, गुरुवार

भरती केलं. तिसरा मजला, खिडकीची खोली. खिडकीतून बाहेरचं वाहनतळ दिसतं आणि कोण कशी गाडी लावतो यावर हिची टीका चालू असते. कमरेच्या हाडातून मगज काढून तपासायला नेला. त्या वेळी मला बाहेर बसवलं. बसवलं म्हणजे मी चाललो. लिफ्टपासून जिन्यापर्यंत सेहेचाळीस फरश्या आहेत.

परत आत गेलो तर ही पांढरीफटक. विचारलं, कसं वाटतंय?

"बरं."

लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी: बरं.

१२ मार्च, बुधवार

औषधाचा पंप रात्रंदिवस चालू असतो. लाल औषध तीन दिवस देऊन झालं, दुसरं उद्या संपेल. मी पंपाचा आकडा दर तासाला बघतो. सिस्टर म्हणाल्या, "काका, तो स्वतःच वाजतो, तुम्ही बसा ना जरा." बसलो. मग उठलो.

संध्याकाळी आमच्या बुधवारच्या मंडळींकडे गेलो. निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी दहा-बारा जण जमतो, तासभर प्रार्थना करतो. मला नऊ वर्षं झाली. ही मला एल पाटीच्या गाडीतून दारापर्यंत सोडायची, पण आत कधी आली नाही. म्हणायची, "तुमच्या देवाकडे हजेरी लागते. माझा रस्त्यावर भेटतो, कुणी चढावर रिव्हर्स घ्यायला लागला की हमखास."

आज सगळ्यांनी हिच्यासाठी मागितलं. मी उभा राहून सांगितलं की माझ्या मनात तिळभर शंका नाही. पोस्टमास्तरांनी माझा खांदा दाबला. बाहेर आल्यावर चपला घालायला पायरीवर बसलो, तो बराच वेळ उठलो नाही. दिवसभर उभा होतो म्हणून असेल.

२० मार्च, गुरुवार

केस उशीवर येतात. सासूबाई आल्या होत्या. त्यांनी एकेक केस वेचून रुमालात घेतला आणि रुमालाला गाठ मारली. जाताना जिन्यात रडायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, आई, हिच्यासमोर नाही. त्या म्हणाल्या, "हिच्यासमोर नाही, तुमच्यासमोर नाही, मग मी रडू कुठे?" म्हातारपणी माणसं हळवी होतात.

त्यांनी घरून जुना काचेचा थर्मामीटर आणून दिला आहे. हिला लहानपणी गोवर झाला तेव्हाचा. पारा अजून झकास चढतो.

आजही विचारलं. बरं.

८ एप्रिल, मंगळवार

देवा!

हाडातला मगज पुन्हा तपासला. बिघडलेल्या पेशी दिसत नाहीत. डॉक्टरीणबाई अर्थात म्हणाल्या की हे पहिलं पाऊल आहे, अजून तीन वेळा औषधं द्यावी लागतील, कुठेतरी दडलेल्या असतात, एवढ्यात बरी झाली म्हणू नका. त्यांना तसं सांगावंच लागतं. आम्हीही काट्यावर शिक्का मारताना वर्षभराचीच हमी देतो, काटा वीस वर्षं चालला तरी.

बाहेरगावी शिकणारी लेक फोनवर इतकी ओरडली की फोन कानापासून दूर धरावा लागला. परीक्षा बुडवून निघू का म्हणाली. मी म्हटलं, कशाला? आई ठणठणीत आहे.

९ एप्रिल, बुधवार

हिला मंडळींकडे घेऊन गेलो. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, दारापाशी खुर्ची. मी उभा राहून म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी मागितलंत, त्यानं दिलं. ही बरी झाली." बायका रडल्या. एक आजी हिच्या पायाशीच बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे बघून आमचाही विश्वास टिकेल गं." पोस्टमास्तर म्हणाले, पुढच्या बुधवारी यावरच बोलू.

परतताना गाडी मीच चालवली. ही पूर्ण रस्ता गप्प. शेवटच्या वळणावर म्हणाली, "तिसरा टाका, इंजिन रडतंय." इतका आनंद झाला की बोलायला सुचत नसावं.

२२ एप्रिल, मंगळवार

औषधांची दुसरी खेप झाली, ही आज घरी आली. या खेपेनंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर येतात, तेव्हा साधा जंतूही महागात पडतो. सिस्टरांनी कागदच हातात दिला. दिवसातून चार वेळा ताप बघायचा. एकदाही १००.४ आला तर विचार करत बसायचं नाही, थेट निघून यायचं.

कागदात सांगितल्याप्रमाणे बॅटरीवरचा थर्मामीटर आणला. मोजमापाचं कुठलंही साधन न तपासता वापरायची मला सवय नाही. स्वतःला लावून बघितलं: बॅटरीवाला ९८.९, सासूबाईंचा काचेचा ९८.१. अर्ध्या तासानं परत, मग चहापूर्वी परत. तिन्ही वेळा फरक तोच, पॉइंट आठ. म्हणजे बॅटरीवाला पॉइंट आठ जास्त दाखवतो. काचेचा तोंडात धरला की हिला मळमळतं, म्हणून बॅटरीवालाच वापरीन आणि पॉइंट आठ वजा करून लिहीन. दुरुस्तीचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवला.

हिला समजावून सांगितलं. म्हणाली, "आणि काचेचा कमी दाखवत असेल तर?"

मी हसलो. बावीस वर्षं ती मला गिअर शिकवते, एवढी माझी बाजू माझ्याकडे असू दे.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी ९८.८, म्हणजे ९८.०. दुपारी ९९, म्हणजे ९८.२. भाजीचं सूप अर्धी वाटी, टोस्ट एक.

घरात सगळं तीनदा पुसलं. दाराच्या कड्यासुद्धा. ही पलंगावरून म्हणाली, "अहो, कडीला कर्करोग नाही झालेला." तो शब्द घेऊ नकोस म्हणून ओरडलो. मग वाईट वाटलं. मग चौथ्यांदा पुसायला घेतलं.

२९ एप्रिल, मंगळवार

दुपारी ९९.६, म्हणजे ९८.८. अन्न जात नाही. तोंडात फोड आले आहेत. संध्याकाळी रजई मागितली, पंखाही बंद करायला लावला. उकडत होतं, पण आजारी माणसाचं शरीर, चालायचंच.

कसं वाटतंय? बरं.

१ मे, गुरुवार

सकाळी १००.०, म्हणजे ९९.२.
दुपारी १००.६, म्हणजे ९९.८.
संध्याकाळी १००.४, म्हणजे ९९.६.

ही आकड्याकडे बघत होती. मी म्हटलं, घाबरू नकोस, दुरुस्ती करायची आहे. "करा," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. उद्या पोस्टमास्तर दोघा-तिघांना घेऊन भेटायला येणार आहेत. लांबूनच भेटा, दारातून, असं कळवलं होतं. हिनं विचारलं, "ते उद्याच येणार ना?" मी हो म्हटलं. "मग उद्यापर्यंत काही नको," म्हणाली. पाहुण्यांच्या आधी थोडी विश्रांती हवी असेल, दुसरं काय.

काल कचेरीत शिक्केमास्तरांना (आमच्या काट्यांवर शिक्के मारणारे, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात) सहज ही तपासणी सांगितली. त्यांनी चष्मा काढला. "दोन काटे भांडत असले तर?" म्हणाले. मी म्हटलं, तिसरा आणायचा. "मग?" म्हणाले. घरची गोष्ट आणि कचेरीची गोष्ट वेगळी असते, हे त्यांना कोण सांगणार.

चैन पडत नाही. उगाचच.

२ मे, शुक्रवार

सकाळी १०१.०, म्हणजे १००.२. बसलं मर्यादेच्या आत.

मंडळी दारातून भेटून गेली. ही उठून बसली, हसली, हात हलवला. आजींनी विचारलं, कशी आहेस गं? म्हणाली, "तुमच्यासमोर बसलेय ना." ते गेल्यावर आडवी झाली ती बोललीच नाही. दुपारचं १०१.२, म्हणजे

५ मे, सोमवार

वरचं वाक्य तसंच राहू देतो. आम्ही खोडाखोड करत नाही.

शुक्रवारी दुपारी मी ते लिहीत असताना दार वाजलं. लेक. न कळवता आली होती. फोनवर आईचा आवाज ऐकून तिला राहवलं नाही. पिशवी खाली टाकली, हात धुतले आणि आईच्या कपाळावर ठेवले. मग माझ्याकडे वळली.

"बाबा, आई भाजतेय."

मी वही पुढे केली. दुरुस्ती समजावून सांगायला लागलो. तिनं वहीकडे बघितलंही नाही. गाडीची किल्ली घेतली. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते तापलेलं होतं. कुठल्याही साधनाशिवाय कळत होतं. चार दिवस मी हिच्या कपाळाला हात लावला नव्हता. जंतू नकोत म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो.

रुग्णालयात १०३. रक्तदाब खाली गेलेला. रक्तात जंतू. त्या धावपळीत डॉक्टरीणबाईंनी वही मागितली. मी मागची पानं उघडून दिली, तिथे तापाचा तक्ता होता, फक्त दुरुस्त आकड्यांचा. दोन पानं वाचून म्हणाल्या, "इथे तर १००.४ च्या वर कधी गेलंच नाही."

"तो दुरुस्त केलेला आकडा आहे," मी म्हटलं.

"यंत्रानं काय दाखवलं?"

मी सांगितलं. गुरुवार दुपारपासूनचं सगळं. त्यांनी वही मिटून परत दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर सिस्टरांनी घरून मागवलेले दोन्ही थर्मामीटर आपल्या थर्मामीटरशेजारी धरून बघितले. बॅटरीवाला तंतोतंत. काचेचा पॉइंट आठ कमी.

नवा माणूस असं करून आला असता तर मी त्याला कचेरीतून हाकललं असतं. दोन साधनं होती. मला जे ऐकायचं होतं ते एक साधन सांगत होतं, म्हणून मी त्याला प्रमाण मानलं. एवढंच झालं. तीनदा तपासलं म्हणून खरं ठरत नाही, तीनदा तीच चूक निघते, हे मीच शिकवतो.

चोवीस तास उशीर. प्रार्थना करायला बसलो, एक शब्द आला नाही.

६ मे, मंगळवार

१०२.४. जसंच्या तसं.

७ मे, बुधवार

१०१.८. औषध बदललं आहे. ही डोळे उघडते, पाणी मागते, मिटते.

मंडळींकडे गेलो. पोस्टमास्तरांनी नेहमीप्रमाणे मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, ही बरी झाली असं मी बोललो ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. मग थर्मामीटरची गोष्ट सांगितली. एका गृहस्थांना वाटलं मी विश्वास सोडला, ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत होते. आजी मात्र दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मी त्या पोरीच्या पायाशी बसायला नको होतं रे."

८ मे, गुरुवार

दुपारी ताप उतरला. ९९, वजाबाकी न करता.

लेक चहा आणायला गेली तेव्हा हिला विचारलं, "तुला कळत होतं ना, ताप आहे ते?"

"माझंच अंग आहे ते, अहो."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "तुम्ही त्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतंत. ती आजी माझ्याकडे बघून विश्वास टिकवणार होती. तुम्ही दिवसभर कड्या पुसत होतात. मला वाटलं, मी आजारी पडले तर तुमचा देव खोटा पडेल. मी गेले असते तर तुम्ही कसंतरी निभावलं असतं. पण देवही गेला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

मी खोलीबाहेर गेलो. सेहेचाळीस फरश्या आहेत की नाही ते मोजलंच नाही. जिन्यात सासूबाई रडल्या होत्या त्याच पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो. हिला दोन माणसांना सांभाळायला लागत होतं, एक मी आणि एक माझा देव. आणि मी वहीत लिहीत होतो: बरं.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या. पांढऱ्या पेशी अजून वाढलेल्या नाहीत. तिसरी खेप लांबणार. हिनं विचारलं, लांबल्यानं आजार परत येऊ शकतो का? येऊ शकतो, त्या म्हणाल्या. किती शक्यता, तेही सांगितलं. मी ऐकलं. पूर्ण ऐकलं. तो आकडा इथे लिहीत नाही, पण तो मला पाठ आहे.

९ मे, शुक्रवार

ताप नाही. सूप एक वाटी. उलटी नाही.

दुपारी चारला दोघंच होतो. खाली वाहनतळात कुणीतरी दोन गाड्यांच्या मध्ये शिरायचा प्रयत्न करत होता, पुढे-मागे, पुढे-मागे. हिनं बघितलं पण काही बोलली नाही. मग म्हणाली, "प्रार्थना करताय ना?"

"नाही. सात दिवस झाले. बसतो, हात जोडतो, आणि काय मागायचं तेच सुचत नाही. मागायला गेलं की वाटतं, आकडा परत मीच ठरवतोय."

"मग मी करते. हात द्या."

तिच्या एका हाताला सुई होती, दुसरा तिनं पुढे केला. कोरडा होता आणि गार. तिनं डोळे मिटले नाहीत. समोर रस्ता असल्यासारखी सरळ बघत बोलायला लागली.

"देवा, मला जगायचंय. पोरगी नोकरीला लागलेली बघायचीय. माझ्याकडे शिकणाऱ्या त्या शिंप्याला अजून चढावर गाडी उचलता येत नाही, त्याला शिकवायचंय. मला फार भीती वाटते. सकाळी उठले की पहिली तीच आठवते. मी मेले तर या माणसाला असं वाटू देऊ नकोस की त्याचा विश्वास कमी पडला. आणि जगले तर असं वाटू देऊ नकोस की त्याच्या विश्वासानं जगले."

थांबली. दम लागला होता. मग मान वळवून मला म्हणाली, "तुम्हाला काही घालायचंय यात?"

"मलाही भीती वाटते," मी म्हटलं. "तेवढं घाल."

हिनं घातलं.